'रामेश्वर': 54 बिट

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर होड्यांची नावं वाचत फिरण्यात वेळ बरा जातो. समजा, एकीचं नाव 'रामेश्वर'. ठसठशीत देवनागरीत रंगवलेलं. हीच होडी खोल पाण्यात गेली आणि तिच्यावर 'एआयएस' यंत्र असलं, की तिचं नाव-गाव हवेतून जातं ते शून्य आणि एक, म्हणजे बिट, होऊन.

मोठ्या व्यापारी जहाजांना हे यंत्र सक्तीचं आहे. मी कोण, कुठे, कुणीकडे निघालो, हे ते सतत सांगत राहतं. काळोखात न दिसणारं जहाज होडीवरच्या तांडेलाला पडद्यावर दिसतं आणि जहाजाला होडी. ओळखीचा आकडा नऊ अंकी, भारतीयांचा 419 ने सुरू होणारा. तो 30 बिटांत मावतो. 29 घेतले तर मोजणी 53 कोटींच्या आसपासच संपते. अक्षांशाला 27 बिट, म्हणजे वीतभराहूनही बारीक माप. (जीपीएस स्वतः तेवढं अचूक नसतं, ही गोष्ट वेगळी.)

हे बिट पाठवेपर्यंत ठेवायचे कुठे? दोन उलट बोलणारी इलेक्ट्रॉनिक गेटं घ्या: एक म्हटलं की शून्य म्हणणारी. एकाचं उत्तर दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला जोडा. आता दोन्ही एकमेकांना आपापल्या जागी धरून ठेवतात आणि वीज असेपर्यंत एक बिट लक्षात राहतो. हा फ्लिप-फ्लॉप. एक्लिस आणि जॉर्डन या इंग्रजांनी 1918 साली तो निर्वात नळ्यांनी केला होता. असे फ्लिप-फ्लॉप रांगेत लावले, की घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला बिट पुढच्याकडे सरकतो. होडीतून वाळूवर मासळीच्या टोपल्या हातोहात जाव्यात तसा.

हवेतून पाठवताना शून्य म्हणजे सिग्नलमध्ये बदल आणि एक म्हणजे 'आहे तसंच'. ओळीने बरेच एक आले, तर काही बदलतच नाही आणि ऐकणाऱ्या यंत्राचा ठेका चुकतो. म्हणून पाच एकांनंतर एक फुकटचं शून्य घुसवतात. ऐकणारा ते काढून टाकतो. रापणीचं जाळं ओढताना मधूनमधून आरोळी लागते, तीही ठेका चुकू नये म्हणूनच.

सगळे एकदम बोलले तर गोंगाटच. म्हणून मिनिटाचे 2250 तुकडे. सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाने एका तुकड्यात 256 बिट जातात. मोठं जहाज आपला पुढचा तुकडा आधीच जाहीर करतं. होडीवरचं साधं यंत्र जरा कान देतं, शांतता दिसली की बोलतं. रांग लावणारा कोणी नाही.

होड्यांसाठी एआयएसखेरीज दुसरी वाटही आहे: 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये मच्छीमार नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडरांची योजना सुरू झाली. त्यामागचं तंत्र इस्रोचं, उपग्रहावरून चालणारं.

पुन्हा एआयएसच्या नावाकडे: तिथे प्रत्येक अक्षराला सहाच बिट आणि त्यांत 64च चिन्हं बसतात: रोमन मोठी अक्षरं, अंक, थोडी विरामचिन्हं. रोमन 'रामेश्वर' नऊ अक्षरांचं, म्हणून 54 बिट. नावासाठी राखीव जागा 120. संगणकावर आज सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीने हेच देवनागरीत लिहिलं तर 192 बिट लागतात. होडीचा ठावठिकाणा सांगणारा अख्खा संदेशच मुळी 168 बिटांचा.