डाव ओळखला!

खासबागेत बसलेला कोल्हापूरकर कुस्ती गप्प बसून बघत नाही. पट काढला, ढाक लागली, आता घिस्सा बसणार, हे तो पैलवानाच्या आधी बोलून मोकळा होतो. डाव ओळखता आला नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं त्याला. शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार बघितलं, त्यातून पुढे १९१२ साली हे मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच १९१५मध्ये पॅलेस थिएटर झालं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. इकडे कुस्ती, तिकडे नाटक, आणि अधूनमधून जादूचे प्रयोग. बघणारी माणसं बऱ्याचदा तीच. त्यामुळे घरात टीव्ही आला आणि त्यावर जादूगार दिसायला लागला, तेव्हा ‘वा, काय जादू!’ म्हणून थांबणं आम्हाला जमणारच नव्हतं. ‘केलं कसं, ते सांग’ हाच पहिला प्रश्न.

या गावाला तो प्रश्न नवा नव्हता. बाबूराव पेंटरांनी इथेच कॅमेरा स्वतः घडवला आणि ‘सैरंध्री’ काढला. १९२०च्या फेब्रुवारीत तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकाचं शिर उडवण्याचा प्रसंग इतका खरा वाटला, की सेन्सॉरने तो काढायला लावला. त्याच्याही आधी दादासाहेब फाळके सिनेमाच्या फंदात पडण्यापूर्वी जादूचे प्रयोग करत. ‘फाळके’ हे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते रंगमंचावर उभे राहत. म्हणजे मराठी सिनेमाच्या मुळाशीच एक जादूगार बसलेला आहे.

पण मागोवा घ्यायचाय तो टीव्हीवरच्या जादूचा. तिची सुरुवात मराठी घरांत झाली नाही, आणि त्या सुरुवातीच्या मध्यभागी होता एक बंगाली माणूस. एप्रिल १९५६मध्ये पी. सी. सरकार (थोरले) बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात आले. दीप्ती डे या आपल्या तरुण सहकारी मुलीला टेबलावर झोपवून त्यांनी गोल करवतीने कापलं. मग तिचा हात चोळला, हाका मारल्या, ती काही उठेना. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिम्बलबी पुढे आले, निरोपाचे दोन शब्द बोलले आणि कार्यक्रम संपला. मुलगी मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की बीबीसीची लाइन तुंबली. लंडनमधले सरकारांचे पुढचे खेळ अर्थातच जोरात चालले. त्या दिवशी वेळ खरोखरच संपली होती का? माझं मत विचाराल तर करवत हा देखावा होता, खरा डाव घड्याळाचा होता.

आमच्याकडे टीव्ही पसरला तो ऐंशीच्या दशकात, देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचं जाळं उभं राहिल्यावर. गल्लीतल्या एका घरात संच आणि त्यापुढे अर्धी गल्ली, ही ती वर्षं. जादूचा कार्यक्रम लागला की वडीलधाऱ्यांकडे एक तयार उत्तर असे: नजरबंदी. गारुड्याने रिकाम्या टोपलीतून पोर काढलं, नजरबंदी. आंब्याच्या कोयीतून रोप आणलं, नजरबंदी. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे यांच्या खेळाच्या आठवणी निघाल्या, तरी तिथेही नजरबंदीच. रघुवीर हे मराठी माणसाचं जादूतलं पहिलं मोठं नाव. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तो वारसा चालवला. मोठी माणसं त्यांच्याबद्दल आदराने बोलत, पण खुलासा तोच.

टीव्हीने पहिली गोष्ट केली ती ही नजरबंदी मोडीत काढली. कॅमेऱ्याला भूल पडत नाही. काचेच्या भिंगाला जे दिसलं तेच आमच्या खोलीत आलं, तर मग नजर कुणाची बांधली? हा प्रश्न कुणा पोराने विचारला की मोठी माणसं विषय बदलायची. मात्र काही वर्षांतच तितकंच आळशी दुसरं उत्तर तयार झालं: ‘कॅमेऱ्याची करामत आहे सगळी.’ ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिकांत बाणाला बाण भिडताना, द्रौपदीची साडी संपत नसताना हे उत्तर बरोबरच होतं. जादूच्या बाबतीत ते अर्धवट होतं, आणि अर्धवट उत्तराने पूर्ण समाधान होतं हीच अडचण.

त्या काळातल्या मोठ्या खेळांकडे बघा. डेव्हिड कॉपरफील्डने १९८३मध्ये अमेरिकन टीव्हीवर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा गायब केला. धाकट्या पी. सी. सरकारांनी १९९२मध्ये प्रवाशांसकट आगगाडी आणि २०००च्या नोव्हेंबरात ताजमहाल नाहीसा करून दाखवला. कॉपरफील्डच्या खेळात कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष प्रेक्षक बसले होते, तेव्हा नुसतं ‘कॅमेरा’ म्हणून भागत नाही. सर्वांत मान्य झालेला तर्क असा, की प्रेक्षक बसले होते तो मंचच अंधारात हळूच फिरवला गेला. जे हलवताच येत नाही ते हललं नसणार. मग बघणाराच हलला असणार. हा तर्क पहिल्यांदा कळला तेव्हा मला पुतळ्यापेक्षा तर्काचंच जास्त कौतुक वाटलं.

मग आला २१ सप्टेंबर १९९५चा गुरुवार. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, आपल्याकडेही लागल्या. तो काही जादूचा कार्यक्रम नव्हता, पण टीव्हीसमोर बसून सगळ्या देशाने एकाच वेळी ‘कसं होतंय’ हे ओळखायचा प्रयत्न केला, असा तो पहिला दिवस असावा. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं: चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध वर ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नव्हतं, रंगीत दिसलं. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हेच तर करत होते. पाणी शिंपडल्यावर पेटणारा नारळ, कापल्यावर ‘रक्त’ येणारं लिंबू. आधी चमत्कार करायचा, मग तो इस्कटून सांगायचा. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा असतो, हे शाळेतल्या पोरांना त्यांच्यामुळे कळलं. दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला खून झाला. कोल्हापुरात विवेकवादी कार्यकर्ते गोविंद पानसरेंवर फेब्रुवारी २०१५मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. ‘कसं केलं’ हा प्रश्न टीव्हीसमोर सोप्यावर बसून विचारणं सोपं असतं, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

केबलच्या काळात जादू दिशा बदलते. १९९७मध्ये अमेरिकेत डेव्हिड ब्लेनने कॅमेरा स्वतःवरून काढून बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे वळवला. त्याच वर्षी तिथल्याच एका वाहिनीवर मुखवटा घातलेला एक जादूगार मोठमोठ्या खेळांची रहस्यं फोडायला लागला; तो व्हॅल व्हॅलेंटिनो हे नंतर उघड झालं. आमच्यापर्यंत हे दोघे उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचले. ब्लेन रस्त्यात उभ्याउभ्या जमिनीपासून वर उचलला जातो, त्यावर आमच्याकडे बरेच दिवस वाद चालला. त्यातली जुनी युक्ती सोपी आहे: प्रेक्षकांना एका ठरावीक कोनात उभं करायचं, जवळचं अख्खं पाऊल आणि दूरच्या पायाची फक्त टाच उचलायची आणि लपलेल्या चवड्यावर तोल सांभाळायचा. त्याने माणूस जेमतेम चार बोटं वर जातो. टीव्हीवर मात्र तो त्याहून बराच वर गेला, कारण ते दृश्य वेगळं चित्रित करून मध्ये जोडलं होतं. चेहरे एका प्रसंगाचे, उंची दुसऱ्या प्रसंगाची. आमच्या भाषेत याला नुरा कुस्ती म्हणतात. निकाल आधीच ठरलेला, बघणाऱ्याने डाव ओळखण्यात अर्थ नाही.

जादूच्या स्पर्धा आल्या त्या नंतर. २००९पासून ‘इंडियाज गॉट टॅलेंट’मध्ये नाच-गाण्यांच्या गर्दीत एखादा जादूगार येऊन जायचा. ३ जुलै २०१० रोजी स्टार वनवर ‘इंडियाज मॅजिक स्टार’ सुरू झाला. फक्त जादूची हिंदी स्पर्धा, परीक्षकांत जॅकी श्रॉफ. मोठ्या उत्साहाने आम्ही बसलो. पण त्यात गुण मिळत ते परिणामाला, पोशाखाला, धक्क्याला. खेळ कसा केला याच्या जवळपासही कुणी जात नव्हतं. पेटीतून बाई गायब झाली की कॅमेरा लगेच परीक्षकांच्या उघड्या तोंडावर, मग संगीत, मग जाहिरात. पेटी बघायला मिळायचीच नाही. जादूगार मेहनती होते, पण त्यांचा सामना कुणाशीच नव्हता. एकट्या पैलवानाने मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि आपण टाळ्या वाजवायच्या.

हा सामना ज्यांना सुचला ते पेन आणि टेलर हे अमेरिकन जादूगार. ‘फूल अस’ २०११मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झाला आणि २०१४पासून अमेरिकेत सीडब्ल्यू वाहिनीवर. आम्हाला तो यूट्यूबमुळे सापडला. जादूगार येतो, खेळ करतो, समोर दोन मुरलेले जादूगार बसलेले. पेन धिप्पाड आणि अखंड बोलणारा, टेलर ठेंगणा आणि मंचावर तोंड न उघडणारा. त्यांना डाव ओळखता आला तर जादूगार हात हलवत परत. नाही ओळखला तर चषक, शिवाय लास व्हेगासमध्ये त्यांच्या प्रयोगात खेळ करायची संधी. वाद झालाच तर पडद्यामागच्या तज्ज्ञांना रहस्य आधीच सांगितलेलं असतं. बरीच वर्षं त्यांच्यात जॉनी थॉम्पसन होते, २०१९मध्ये ते गेले.

या कार्यक्रमाची खरी गंमत खेळानंतरच्या दोन मिनिटांत आहे. पेन रहस्य उघडं करत नाही. तो जुन्या जादूगारांची नावं घेतो, भलत्याच वाक्यात एखादा धंद्यातला शब्द पेरतो, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. घरी बसलेल्याला कळतं की आत्ता काहीतरी सांगितलं गेलं, पण काय ते कळत नाही. मग ते नाव शोधायचं, त्याचा खेळ शोधायचा, तो पुन्हा बघायचा. आमच्या घरात एका रविवारी दुपारी यावर जेवणं थंड झाली आहेत. नजरबंदी आणि कॅमेऱ्याची करामत ही दोन्ही उत्तरं इथे आपोआप बाद होतात, कारण फसणारे दोघे तिथेच बसलेले असतात, आणि फसले तर कबूल करतात. टीव्हीवर ‘मला नाही ओळखता आलं’ म्हणणारा तज्ज्ञ किती वेळा दिसतो?

त्या निमित्ताने काही गोष्टी आमच्या डोक्यात बसल्या. पहिली, हात चपळ असतो हा समज बराचसा खोटा आहे. भाच्याने मोबाइलवर पाव वेगाने खेळ लावून बघितला, काही सापडलं नाही. सापडणार कसं? पत्ता बदलला गेला तो आपण जादूगाराच्या विनोदावर हसत होतो तेव्हा, नाहीतर खेळ सुरू व्हायच्या आधीच. शिन लिम हा एका अर्थाने अपवाद. कार्पल टनेलच्या दुखण्यामुळे त्याने पियानो सोडला, आणि तीच बोटं घेऊन तो पत्त्यांकडे वळला. तो पेन-टेलरना फसवून गेला आणि २०१८मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ही जिंकला.

दुसरी गोष्ट पेट्यांची. रॉबर्ट हार्बिनची १९६५ची ‘झिगझॅग’ पेटी घ्या. उभ्या पेटीचा मधला भाग बाईसकट बाजूला सरकतो आणि तिचे तीन तुकडे झाल्यासारखे दिसतात. सगळी किमया रंगाची आहे: काळ्या किनारींमुळे पेटी आहे त्यापेक्षा अरुंद दिसते, बाईला अंग चोरून उभं राहायला जागा असते, आणि पाती दिसतात तेवढी आत जातच नाहीत. कष्ट तिचे असतात, टाळ्या त्याला मिळतात.

तिसरी, मनातलं ओळखणाऱ्यांची. तिघांना तीन प्रश्न, प्रत्येक उत्तराआधी एक भाकीत चिठ्ठीवर. शेवटी तिन्ही बरोबर. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते उत्तर म्हणजे कॅटमधला एक पत्ता असतो, आणि तो निवडायला लावलेला असतो, निवडलेला नसतो. पहिल्याचं उत्तर ऐकून ते दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचं, दुसऱ्याचं तिसऱ्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्या मिसळून द्यायच्या. हे कळल्यावर मी कुठल्याही मनकवड्याला ‘तिसरा प्रश्न पहिल्यांदा विचार’ असं मनातल्या मनात सांगतो.

रहस्यं अशी फोडावीत का, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. माझा पक्ष असा: जो फसवतो असं सांगून फसवतो, त्याचं रहस्य त्याच्या पोटावर पाय येईल इतकं फोडू नये. वर सांगितलेल्या तिन्ही युक्त्या पुस्तकांत कधीच्या छापून आल्या आहेत. नवीन खेळ ज्याने जन्माला घातला त्याचा तो हक्क आहे. टेलरने स्वतःचा छाया-गुलाबाचा खेळ उचलणाऱ्यावर दावा लावला आणि २०१४मध्ये तो जिंकला. पण जो फसवत नाही असं सांगून फसवतो, त्याला ही सूट नाही.

आता स्पर्धा टीव्हीवरून मोबाइलवर सरकली आहे. २०२५च्या जुलैत इटलीत तुरिनला झालेल्या जादूच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या सुहानी शाहला ‘बेस्ट मॅजिक क्रिएटर’ हा पुरस्कार मिळाला, तोही ऑनलाइन जादूच्या गटातला. इकडे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. कॅमेरा मध्ये न आणता जादू बघायची गावातली एक जागा गेली. ते पुन्हा उभं राहील तेव्हा नाटकांबरोबर जादूच्या प्रयोगांनाही तारखा मिळाव्यात, एवढी मागणी इथे नोंदवून ठेवतो.

राहिला निकाल. इतक्या वर्षांत टीव्हीवर बघितलेल्या जादूत ‘फूल अस’चे सुरुवातीचे हंगाम दुसऱ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक १ ऑगस्ट १९७३च्या अमेरिकन ‘टुनाइट शो’ला, जो आम्ही चाळीस-एक वर्षं उशिरा यूट्यूबवर बघितला. मनाच्या शक्तीने चमचे वाकवणारा युरी गेलर पाहुणा आणि समोर जॉनी कार्सन, जो स्वतः एकेकाळी जादूगार होता. कार्सनने जादूगार जेम्स रँडीचा सल्ला घेऊन टेबलावरच्या सगळ्या वस्तू आपल्या माणसांकडून मांडून घेतल्या आणि गेलरला किंवा त्याच्या माणसांना त्यांच्या जवळ फिरकू दिलं नाही. वीसेक मिनिटं गेलर चाचपडला, आज शक्ती येत नाही म्हणाला, आणि एकही चमचा वाकला नाही.