वर्गांतील यंत्रें आणि तीं सांभाळणारा

व्याख्यान ऐकावयास आपण सभागृहांत जातों तेव्हां आपलें लक्ष वक्त्याकडे असतें. त्याच्यापुढील मायक्रोफोनकडे आपण पाहतों तें तो बंद पडल्यावर, आणि तो ज्यानें तेथें मांडला त्या माणसाला शोधूं लागतों तेंही त्याच वेळीं. महाविद्यालयांतील मायक्रोफोन, लाउडस्पीकर, प्रोजेक्टर, पडदा यांची निगा राखणाऱ्या या तंत्रज्ञाविषयीं आज कांहीं सांगावयाचें आहे. त्याला वायरमन म्हणून हांक मारणारे पुष्कळ आहेत. पण तार जोडणें हा त्याच्या कामाचा अगदीं लहानसा भाग होय.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें विद्यार्थ्यांचें शहर आहे. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, व १९९४ पासून त्यालाही डॉ. आंबेडकरांचें नांव लाभलें. जालना, बीड, परभणीकडील खेड्यांतून जीं मुलें येथें येतात, त्यांतील कित्येकांच्या घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारें तेंच पहिलें माणूस असतें. असा मुलगा किंवा अशी मुलगी पहिल्या दिवशीं पुढच्या बाकावर सहसा बसत नाहीं. शिक्षकाचा शब्द शेवटच्या बाकावर अर्धवट पोंचला तर नुकसान कोणाचें होतें, तें उघड आहे. उठून "ऐकूं आलें नाहीं" असें म्हणण्याचा धीर यावयास त्यांना वर्ष लागतें.

आवाज पोंचत नाहीं म्हणजे तो लहान पडतो, अशी सर्वसाधारण समजूत. व उपाय म्हणून बटण पिळून तो मोठा करावयाचा. ही समजूत अर्धीच खरी. उघड्या मैदानांत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. तेथें आवाज वाढविणें योग्यच. चार भिंतींच्या आंत मात्र अडचण निराळी असते, व ती समजून घ्यावयाची तर वेरूळास जावें. तेथील दहाव्या लेण्यांत, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार का झोपडा म्हणतात, लांकडी फासळ्यांची नक्कल केलेल्या कमानदार दगडी छताखालीं एखादा स्वर लावून थांबा. तुम्ही थांबलांत तरी स्वर थांबत नाहीं; छत आणि भिंती तो एकमेकांकडे परतवीत राहतात. मंत्रघोषाला हें फार शोभतें. पण तेथें कोणी बीजगणित शिकवूं लागला, तर एका शब्दाचें शेपूट पुढच्या शब्दाच्या तोंडावर पडेल. आपल्या बोलण्यांत जोर असतो तो स्वरांना. अर्थ पुष्कळसा राहतो तो व्यंजनांत, आणि क, त, प, स हीं व्यंजनें तर फारच दुबळीं. मागील स्वर घुमत असतां पुढील व्यंजन त्यांत बुडून जातें, आणि पान, तान व कान यांतील भेद उरत नाहीं. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी व उघडें छत असा आपला नवा वर्ग म्हणजे एक लहानसें लेणेंच. तेथें आवाज वाढविला कीं त्याचें घुमणेंही तितकेंच वाढतें.

म्हणून जाणता तंत्रज्ञ ॲम्प्लिफायरच्या बटणाकडे सर्वांत शेवटीं वळतो. प्रथम तो रिकाम्या सभागृहांत उभा राहून एक टाळी वाजवितो, व ती किती वेळ रेंगाळते तें ऐकतो. मग जाड पडदे ओढतो, लाउडस्पीकरांचीं तोंडें भिंतींकडून काढून माणसांकडे वळवितो, आणि सभागृह लांब असेल तर मध्यावर आणखी दोन लहान लाउडस्पीकर लावतो. यांतही एक खुबी आहे. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो, तारेंतून मात्र तो जवळजवळ तत्क्षणीं पोंचतो. तेव्हां सतरा मीटर मागें असलेल्या लाउडस्पीकरला सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशीर मुद्दाम लावावा लागतो. एरवीं मागच्यांना तोच शब्द दोनदां ऐकूं येतो.

एका महाविद्यालयांत मी बोलत होतों, तेव्हां दर दोन वाक्यांनीं लाउडस्पीकर किंकाळी फोडी. दोष माझाही होता. मी मायक्रोफोनपासून हातभर दूर उभा होतों, व लाउडस्पीकर माझ्या पाठीशीं होते. त्यांचा आवाज मायक्रोफोनमध्यें शिरे, वाढून बाहेर पडे, पुन्हां शिरे. व्यवस्थापक मंडळी यंत्राला नांवें ठेवीत होती. तंत्रज्ञ आला, त्यानें लाउडस्पीकर माझ्या पुढें नेऊन ठेवले, मायक्रोफोन ओठांपासून वीतभर अंतरावर आणला, आणि आवाज उलट कमी केला. मग शेवटच्या रांगेंतील माना हलूं लागल्या. आणखी एक विनंति: मायक्रोफोन चालू आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांत फुंकर मारूं नये. त्यांतील नाजूक पडद्याला ती सोसत नाहीं.

प्रकाशाचें काम ध्वनीहून सोपें, पण तेथेंही एक गोष्ट लोक विसरतात. प्रोजेक्टर काळा रंग टाकूं शकत नाहीं. पडद्यावर खिडकीचा जेवढा उजेड पडला असेल, तोच त्या चित्रांतील काळा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि भर दुपारीं उघड्या खिडकीसमोर दाखविला, तर त्याच्या भुंवयांची रेघ पुसट होते आणि शिक्षक दिवा जुना झाला म्हणून तक्रार करतो. लेण्यांत वाटाडे आरसे व पांढरीं कापडें धरून बाहेरचें ऊन आंत वळवीत. आपल्या तंत्रज्ञाला बरोबर उलट करावें लागतें.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यांत धूळ. प्रोजेक्टरची जाळी धुळीनें बुजली कीं आंतील पंख्याला हवा मिळत नाहीं, व यंत्र तापून भर तासांत बंद पडतें. ही जाळी वेळच्या वेळीं झटकणें, हें पांच मिनिटांचें काम. न केल्यास महागडा दिवा जातो.

विजेच्या बाबतींत मात्र तो कठोर असावा. दोन यंत्रें दोन निराळ्या भिंतींवरून जोडलीं तर लाउडस्पीकरमध्यें पुष्कळदां सेकंदाला पन्नास कंपांची गुणगुण शिरते. आणि तिच्यावर कोणीतरी सुचवितो कीं प्लगची जाड पिन काढून टाका. गुणगुण खरोखर थांबतेही. पण ती पिन जमिनीशीं जोडलेली असते, व यंत्रांत बिघाड झाल्यास हातांत लोखंडी मायक्रोफोन धरलेल्या वक्त्याचा जीव तीच वाचविते. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर आणणें हा खरा उपाय.

पूर्वीं सोळा मिलिमीटरच्या चित्रफिती दाखवीत, तेव्हां ध्वनीची पट्टी चित्राच्या सव्वीस चौकटी पुढें छापलेली असे. फितीचा वेढा बोटभर चुकला कीं ओठ एक बोलत व कान दुसरें ऐकत. तो वेढा आतां गेला. वर्ग भरण्यापूर्वीं अर्धा तास येऊन, शेवटच्या बाकावर बसून, एकदां सारें स्वतः ऐकून पाहण्याचा त्याचा शिरस्ता मात्र चालू आहे. तास संपतांच मुलें जेवावयास जातात. तो पंखा थंड होईपर्यंत थांबतो, तार कोपराभोंवतीं न पिळतां सैल वेटोळ्यांत गुंडाळतो, आणि दुपारच्या तासासाठीं मायक्रोफोनमध्यें नवी बॅटरी घालतो.