टोनोटोपी

टोनोटोपी म्हणजे ध्वनीच्या वारंवारतांची कानात व मेंदूत असलेली स्थाननिहाय क्रमबद्ध मांडणी. जवळच्या वारंवारतांना सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशी या मांडणीत एकमेकींच्या शेजारी असतात.

कर्णावर्तातील उगम

या मांडणीची सुरुवात आंतरकर्णातील कर्णावर्तात, म्हणजेच कॉक्लियात होते. या वेटोळ्या नलिकेतील पटल तळाशी अरुंद व ताठ, तर टोकाशी रुंद व लवचिक असते. त्यामुळे उच्च वारंवारतेचे ध्वनी तळाशी, तर निम्न वारंवारतेचे ध्वनी टोकाशी सर्वाधिक कंपन निर्माण करतात. कर्णावर्तातील कंपनांविषयीच्या संशोधनासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूतील मांडणी

हा क्रम श्रवणचेता, मस्तिष्कस्तंभ व थॅलॅमस या मार्गाने मेंदूच्या बाह्यकापर्यंत टिकून राहतो. मानवात प्राथमिक श्रवण बाह्यक शंखखंडाच्या वरच्या पृष्ठभागावर, हेश्ल वलयाच्या परिसरात असते. कार्यात्मक एमआरआय चाचण्यांत तेथे निम्न वारंवारतेच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस उच्च वारंवारतेचे पट्टे आढळतात.

वारंवारतांची ही विभागणी ढोबळमानाने गुणोत्तरावर आधारलेली असते. मध्य सप्तकातील षड्‌ज २४० हर्ट्‌झ मानल्यास मंद्र षड्‌ज १२० व तार षड्‌ज ४८० हर्ट्‌झचा होतो. हर्ट्‌झमधील फरक असमान असला, तरी दोन्ही सप्तकांना जवळपास सारखीच जागा मिळते.

अनुभवाचा परिणाम

ही मांडणी पूर्णतः जन्मजात नसते. उंदराच्या पिल्लांना विशिष्ट स्वर सतत ऐकवल्यास त्या वारंवारतेला प्रतिसाद देणारे क्षेत्र विस्तारते, असे प्रयोगांत दिसले आहे. जन्मतः कर्णबधिर बालकाच्या श्रवण बाह्यकाला ध्वनीचा अनुभव मिळाला नाही, तर त्याचा नेहमीचा विकास खुंटतो.

वैद्यकीय उपयोग

कॉक्लियर इम्प्लांट हे उपकरण याच तत्त्वावर चालते. त्याचे विद्युदग्र कर्णावर्तात ओळीने बसवलेले असतात. तळाकडील विद्युदग्र उच्च, तर आतील विद्युदग्र निम्न वारंवारतांची माहिती श्रवणचेतेला देतात. जन्मतः कर्णबधिर बालकांत ही शस्त्रक्रिया पहिल्या काही वर्षांत झाल्यास वाचाविकास अधिक चांगला होतो. वय वाढेल तसा लाभ घटतो. म्हणूनच नवजात बालकांची श्रवणचाचणी महत्त्वाची ठरते. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेतील कॉक्लियर इम्प्लांटसाठी मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था ही समन्वयक संस्था आहे. ही संस्था १९८३ साली स्थापन झाली.