जुन्या कागदांवरचे मृत्यूचे कारण कसे वाचावे?

"डॉक्टर, आमच्या वडिलांच्या कागदावर हे काय लिहिलंय?" मानपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो. कधी हातात रुग्णालयाचा पिवळा पडलेला केसपेपर असतो, तर कधी तहसील कार्यालयातून आणलेली जन्म-मृत्यू नोंदीची नक्कल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून अशा नकला अनेक घरांत आल्या आहेत. त्यातले मृत्यूचे कारण नीट वाचले, तर तुमच्या स्वतःच्या तपासण्या ठरवायला मदत होते.

आधी योग्य कागद शोधा

महापालिका किंवा ग्रामपंचायत देते त्या मृत्यू दाखल्यावर कारण नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार ते दाखल्यावर उघड करता येत नाही. कारण असते ते डॉक्टरांनी भरलेल्या 'मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर'. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ वापरतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक आहे. त्याआधीच्या मृत्यूंसाठी डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, विम्याची फाईल पाहा. रुग्णालयांना आंतररुग्णांचे कागद किमान तीन वर्षेच जपावे लागतात, त्यामुळे खूप जुने कागद तिथे मिळतीलच असे नाही.

सर्वात खालची ओळ महत्त्वाची

या प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. 'अ'मध्ये मृत्यूचे तात्कालिक कारण आणि त्याखाली ते ज्यामुळे झाले ते कारण लिहितात. म्हणजे भरलेली सर्वात खालची ओळ हा मूळ आजार. शेजारी तो किती काळ होता हेही लिहिलेले असते. मधुमेहासारखे इतर आजार दुसऱ्या भागात येतात.

वरच्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' दिसले की "वडील हार्ट अटॅकने गेले" असे अनेक जण धरून चालतात. त्या शब्दांचा अर्थ हृदय आणि श्वास थांबला एवढाच आहे. ते कोणत्याही मृत्यूत होते.

नेहमी दिसणारी लघुरूपे

- एम.आय., ए.एम.आय.: हृदयविकाराचा झटका.
- आय.एच.डी.: हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांचा आजार.
- सी.व्ही.ए.: मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात.
- सी.सी.एफ.: हृदय कमजोर होऊन अंगावर सूज, दम लागणे.
- आर.एच.डी.: लहानपणी घशाच्या संसर्गानंतर आलेल्या तापामुळे हृदयाच्या झडपा खराब होणे.
- कॉक्स, पी.टी.बी.: क्षयरोग. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधले, त्यांच्या नावावरून हा शब्द आला. क्षय संसर्गाने होतो, तो आनुवंशिक नाही.
- सी.ए.: दुसरे अक्षर लहान असेल आणि पुढे अवयवाचे नाव असेल, तर कर्करोग. दोन्ही अक्षरे मोठी असतील, तर 'कार्डिॲक अरेस्ट'ही असू शकते.
- ए.आर.एफ.: मूत्रपिंड किंवा श्वसनसंस्था एकाएकी निकामी होणे. कोणते, ते इतर नोंदींवरूनच ठरते.

'ॲस्पिरेशन' हा शब्द वाचून "मी भरवलेल्या शेवटच्या घासाने आई गेली" असे मनाला लावून घेणारी मुले मी पाहिली आहेत. पक्षाघातात किंवा फार अशक्तपणात गिळण्याची क्रिया मंदावते, आणि स्वतःची लाळसुद्धा फुफ्फुसात उतरते. तो आजाराचा भाग आहे, तुमचा दोष नाही.

गावच्या जुन्या नोंदी

या नोंदी पाटील, कोतवालांमार्फत होत. त्यामुळे तिथे निदान नसते, लोकांनी सांगितलेले लक्षण असते. अनेक नोंदी मोडीत असून मोडीत शब्द सलग लिहितात, म्हणून जाणकाराकडूनच वाचून घ्या.

- ताप: हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, काहीही. नोंद १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली असेल, तर इन्फ्लुएंझाची शक्यता मोठी.
- पटकी: कॉलरा. देवी: हा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला.
- गाठीचा ताप, ग्रंथिक सन्निपात: प्लेग. १८९६ मध्ये तो मुंबईत आला आणि पुढे राज्यभर पसरला.
- जलोदर: पोटात पाणी. कारण यकृत, हृदय किंवा क्षय असू शकते.
- दमा: यात हृदयविकारामुळे लागणारा दमही येतो.

यातले साथीचे आजार पाहून आज घाबरायचे कारण नाही.

तुमच्यासाठी काय महत्त्वाचे?

आई-वडील आणि सख्खी भावंडे यांच्या नोंदी सर्वात उपयोगाच्या. पुढीलपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना जरूर सांगा:

- वडील किंवा भावाला ५५ च्या आधी, आई किंवा बहिणीला ६५ च्या आधी हृदयविकार.
- चाळिशीच्या आत अचानक, झोपेत किंवा पोहताना मृत्यू. अशा घरातल्यांनी ई.सी.जी. आणि इको करून घ्यावा.
- स्तन, बीजकोश किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग. आतड्याच्या कर्करोगात नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी किंवा चाळिशीत, यातले जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करतात.
- मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार.

कागद वाचता आला नाही, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: वय किती होते? किती दिवस आजारी होते? तोंड वाकडे झाले होते का? पाय सुजले होते का? कोणती गोळी रोज चालू होती? ही उत्तरे लिहून, कागदाचा मोबाईलवर स्पष्ट फोटो काढून तुमच्या डॉक्टरांकडे न्या. एकट्या लघुरूपावरून स्वतःच निष्कर्ष काढू नका आणि त्यावरून चालू असलेले औषध बदलू नका.