मोटारीचा फ्यूज उडतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका संध्याकाळी आम्ही सहकुटुंब इंदूरहून ओंकारेश्वरास निघालो होतो. मोटार जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. सिमरोल मागे पडले, घाट जवळ आला आणि समोरचे दिवे एकाएकी विझले. रस्त्याकाठच्या एका कारागिराने उडालेला फ्यूज काढला, त्याच्या पायांभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली आणि तो पुन्हा जागेवर बसविला. दिवे लागले. त्याच्या हिकमतीचे कौतुक करून आम्ही पुढे निघालो. दोन कोसही गेलो नसू, तोच जळकट वास सुटला आणि स्टिअरिंगखालून धूर येऊ लागला. मुलांना आधी बाहेर काढले, मग बॅटरीची तार सोडविली, तेव्हा कुठे अनर्थ टळला.

आम्ही भाषेचे शिक्षक. विजेचे शास्त्र आमचे नव्हे. पण शाळेतील विज्ञानशिक्षकांना हा प्रसंग सांगताच त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर आमची चूक मांडली. फ्यूज हा दिव्याचा रक्षक नसून तारेचा रक्षक आहे. तारेतून दुप्पट विद्युतधारा वाहिली की उष्णता चौपट होते. तार तापून पेट घेण्याआधी फ्यूजमधील बारीक पट्टी वितळावी आणि प्रवाह खंडित व्हावा, अशी ही योजना असते. पट्टी दुबळी असते ती हेतुपुरस्सर. तिच्या जागी चांदी किंवा तांब्याची जाड तार घातली, की वितळण्याचे काम मोटारीतील मूळ तारेवर येऊन पडते. घरच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार भरणारे हीच चूक करीत असतात.

म्हणून वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे. मोटारीतील एखादे उपकरण बंद पडले, तर प्रथम किल्ली व सर्व बटणे बंद करावीत. फ्यूजची पेटी बहुधा स्टिअरिंगच्या बाजूस खाली असते. दुसरी बॉनेटखाली, बॅटरीजवळ आढळते. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणावर किंवा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. फ्यूज चिमट्याने काढून उजेडात धरावा. आतील पट्टी तुटलेली असेल तर तो गेला. नवा फ्यूज त्याच आकड्याचा हवा. चपट्या पात्यांच्या फ्यूजमध्ये रंगही ठरलेले असतात : 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा आणि 30 चा हिरवा. लालच्या जागी हिरवा बसविणे म्हणजे चांदी गुंडाळण्याचाच सभ्य प्रकार होय.

नवा फ्यूजही लागलीच उडाला, तर तिसरा घालू नये. दोष अन्यत्र आहे. एखादे विशिष्ट बटण दाबताच उडत असेल, तर त्या उपकरणाकडे जाणारी वाट तपासावी. पत्र्याच्या धारेवर घासलेली तार, उंदरांनी कुरतडलेले वेष्टन, दिव्यात शिरलेले पाणी ही नेहमीची कारणे. आमच्या मोटारीत तारेचे वेष्टन पत्र्यावर घासून गेले होते. गाडी हादरली की उघडी तार पत्र्यास टेके.

मागाहून बसविलेली हौसेची उपकरणेही अपराधी ठरतात. 60 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 10 अँपिअर धारा घेतात. त्यांच्या जागी 100 वॅटचे दोन बसविले, तर ती पावणेसतरा अँपिअरच्या घरात जाते. तार मात्र तीच राहते.

फ्यूज शाबूत असूनही दिवा लागत नसेल, तर आधी बल्ब पाहावा, मग पत्र्याशी जोडलेल्या तारेचा गंज आणि बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर. बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना शेवटी लावावे. एअरबॅगच्या तारा आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी तारा यांना मात्र घरी कोणीही हात लावू नये. ते काम जाणकाराचेच.

सुटे फ्यूज प्रत्येक आकड्याचे दोन-दोन, एक चिमटा आणि एक छोटी विजेरी एवढे साहित्य मोटारीत असले, म्हणजे रात्रीच्या रस्त्यावर कोणाच्या हिकमतीची गरज पडत नाही. चांदी गुंडाळलेला तो फ्यूज आम्ही शाळेतील टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे. तात्पुरते भागवून नेण्याचा मोह झाला की आम्ही तो खण उघडून पाहतो.