घाटातला माउंट समुद्रात का चालत नाही

वीर, दासगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. पावसाळ्यात वरंध किंवा आंबेनळी घाटात मोटारसायकल घालायची, छातीवरच्या पट्ट्यात नाहीतर हेल्मेटवर कॅमेरा अडकवायचा आणि वळणावळणांचे धबधबे टिपत जायचे, हे सवयीचे झाले आहे. थंडी पडली की त्यातलेच काही जण वीरला दिवा–सावंतवाडी गाडीत बसतात, कुडाळला उतरतात आणि स्कूबासाठी मालवण-तारकर्ली गाठतात. पिशवीत तोच कॅमेरा असतो आणि तोच पट्टाही. कॅमेरा पाण्यात चालतो, तेव्हा त्याचा माउंटही, म्हणजे तो अडकवायचा पट्टा किंवा दांडाही, चालणारच, असे त्यामागचे गणित. पण कॅमेऱ्यात पाणी शिरत नाही हा कॅमेऱ्याचा गुण झाला. माउंट शोभतो की नाही हे ठरते ते पाण्यात माणसाचे अंग कसे राहते आणि त्याच्या हातांना तिथे काय कामे असतात यावरून. दुकानात मात्र या दोन गोष्टी कुणी विचारत नाही, आणि माउंटविषयीचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

छातीवरच्या पट्ट्याचेच पाहा. मोटारसायकलवर माणूस ताठ बसतो, छाती रस्त्याकडे असते, म्हणून कॅमेऱ्याला रस्ता दिसतो. पाण्याखाली नीट शिकलेला डायव्हर आडवा तरंगत जातो. पाय मागे, पोट तळाकडे. उभे राहून पोहले तर पाण्याचा विरोध वाढतो, दम लागतो, सिलिंडरमधली हवा लवकर संपते आणि फिन्सने तळाची वाळू उडून मागच्यांना काही दिसेनासे होते. आडव्या अंगावर छातीचा कॅमेरा थेट तळाकडे तोंड करतो. समोरून माशांचा थवा गेला तरी चित्रणात येते ती वाळू, आणि मधूनमधून लोंबणारी एखादी नळी. शिवाय छातीवर आधीच हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटचे पट्टे आणि बकले असतात. संकटात ती झटकन सोडवावी लागतात, त्यावर आणखी एक पट्टा आवळणे शहाणपणाचे नाही.

मग डोक्यावर बांधावा, असे पुढचे उत्तर येते. हात मोकळे राहतात आणि डोळ्यांना दिसेल तेच कॅमेऱ्याला दिसते, हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण पाण्याखाली मान सतत वळत असते. जोडीदार कुठे आहे ते पाहायचे, हवेचा काटा पाहायचा, खोली पाहायची, वर होडी आहे का तेही पाहायचे. डोळे हे धक्के आपोआप सांभाळून घेतात, पण नंतर पडद्यावर तेच चित्रण पाहताना गरगरायला लागते. डोक्याचा पट्टा मास्कच्या पट्ट्यावर किंवा त्याला लागून बसतो. तो सरकला की मास्कही सरकतो आणि पाणी आत येते. तोंडात धरलेल्या श्वासाच्या रेग्युलेटरमधून सुटलेले बुडबुडे तोंडाच्या दोन्ही बाजूंनी वर जातात, तेही चौकटीत शिरतात. यावर कुणी म्हणेल की व्यावसायिक पाणबुड्यांच्या शिरस्त्राणावर कॅमेरा असतोच की. असतो. पण त्यांचे शिरस्त्राण कडक असते, हवा वरून नळीने येते, आणि तो कॅमेरा सुंदर चित्रणासाठी नसतो. पाण्याबाहेरच्या देखरेखीच्या माणसाला खालचे काम दिसावे, एवढाच त्याचा हेतू.

हातांचा मुद्दा मात्र खरोखर मोठा आहे आणि तो उलट बाजूने समजून घ्यायला हवा. पोहण्याचे काम पाय करतात, हात नाही. हात लागतात ते इतर गोष्टींना. खाली जाताना दर थोड्या अंतराने नाक चिमटीत धरून कानांतला दाब सारखा करावा लागतो. जॅकेटमध्ये हवा भरण्या-सोडण्याची कळ डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीच्या टोकाला असते. खुणा हातांनीच करायच्या असतात, कारण बोलता येत नाही. मास्कमध्ये पाणी आले तर तो हातानेच दाबून रिकामा करायचा. म्हणजे डावा हात कायम मोकळा हवा आणि उजवा क्षणात मोकळा करता यायला हवा. पाण्याखाली हात म्हणजे काय, हे या तालुक्यांना वेगळे सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस आणि इतर वाहने वाहून गेली. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, एनडीआरएफ सगळे उतरले. क्रेनला लोहचुंबक बांधून ते नदीत सोडण्यापर्यंत प्रयत्न झाले, आणि तरी पहिल्या बसचा सांगाडा सापडायला आठवड्याहून अधिक काळ गेला. पुराच्या गढूळ पाण्यात दिवा आणि कॅमेरा दोन्ही आंधळे होतात, काम चालते ते चाचपून. मालवणचे हिवाळ्यातले पाणी तसे नसते, पण हात अडकवून ठेवू नयेत हा नियम तिथेही तोच.

‘तरंगणारा दांडा घ्या, कॅमेरा हरवणार नाही,’ हा दुकानातला सल्ला सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि स्कूबासाठी तोच सगळ्यांत फसवा आहे. पृष्ठभागावर पोहताना किंवा स्नॉर्केलिंग करताना तो सल्ला बरोबर आहे. हातातून सुटलेला कॅमेरा शेजारीच तरंगत राहतो. दहा मीटर खाली मात्र तो सुटला तर थेट वर जातो आणि प्रवाहाबरोबर वाहतो. खरा धोका त्यानंतरचा. माणूस अभावितपणे त्याच्या मागे झेपावतो. दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास रोखून, घाईने वर येणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. स्कूबाचा पहिला नियमच श्वास कधी रोखू नये हा आहे, आणि वर येण्याचा वेग मिनिटाला साधारण नऊ मीटरपेक्षा जास्त नसावा असे हल्ली शिकवतात. आणखी एक गोष्ट: फोमचे तरंगे खोलीवर दबतात आणि त्यांची तरंगण्याची शक्ती कमी होते. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुणही खाली पूर्णपणे टिकत नाही. कॅमेरा हरवू नये यासाठी जॅकेटच्या कडीला अडकवलेली छोटी दोरी पुरते.

लांब सेल्फी स्टिकचे समर्थन थोडे अधिक दमदार आहे. पाण्यात चित्र स्पष्ट हवे तर विषयाच्या जवळ जावे लागते, कारण मधले पाणीच धूसरपणा आणते आणि लाल रंग आधी खाऊन टाकते. काठीने मासा न बिचकता जवळ जाता येते, हे खरे. पण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असते. लांब काठी त्यातून फिरवली की टोक थरथरते, आणि चित्रण करणारा नकळत काठी तळावर टेकून आधार घेतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आहे आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. काठीने प्रवाळाचा तुकडा मोडणे ही किरकोळ चूक नव्हे. हातभर लांबीची घट्ट काठी चालेल, त्याहून लांब नको.

दिव्याविषयीचा गैरसमजही माउंटशीच जोडलेला आहे. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवला की प्रकाश जास्त मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात पाण्यातले गाळाचे कण तो प्रकाश सरळ भिंगाकडे परतवतात आणि चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. आंबेनळीच्या धुक्यात हेडलाइटचा अप्पर टाकला की समोर भिंत उभी राहते, तसेच हे. दिवा बाजूला, हात लांबवून ठेवावा लागतो. म्हणून अनुभवी चित्रणकार दोन मुठींची पट्टी वापरतात. कॅमेरा मधोमध, दिवे दोन्ही टोकांना. चित्रण स्थिर येते हेही खरे. पण ती दोन्ही हात अडकवते, तेव्हा एका जागी तरंगत राहणे ज्याला अंगवळणी पडले आहे त्याच्यासाठीच ती आहे. बाकी प्रकारांवर फार बोलण्याची गरज नाही. चिकटपट्टीचा माउंट ओल्या पृष्ठभागावर बसतच नाही, आणि मनगटाचा पट्टा हातापासून सुटत नाही हा त्याचा एकच फायदा.

मग घ्यावे काय? ज्याच्याकडे डायव्हिंगचे प्रमाणपत्र आहे त्याने उजव्या हातात मावणारी आखूड, न तरंगणारी मूठ घ्यावी, तिला दोरी लावून जॅकेटच्या कडीला अडकवावी, स्क्रू आवळलेला आहे ना ते प्रत्येक डायव्हआधी पाहावे आणि बाहेर आल्यावर सगळे गोड्या पाण्यात धुवावे. आपला कॅमेरा किती मीटरपर्यंत चालतो तेही पेटीवर वाचावे. अनेक मॉडेल आवरणाशिवाय दहा मीटरपर्यंतच असतात. आणि जो मालवणला पहिल्यांदाच उतरणार आहे त्याला कुठलाच माउंट लागत नाही. तिथल्या सुरुवातीच्या डायव्हमध्ये प्रशिक्षक मागून धरून नेतो आणि चित्रण बहुधा केंद्राचाच माणूस करून देतो. कॅमेऱ्यात गुंतलेला नवखा कानांतला दाब आणि श्वास दोन्ही विसरतो. आवड लागलीच तर माउंटवर खर्च करण्याआधी ते पैसे तारकर्लीच्या एमटीडीसीच्या संस्थेत किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षणावर घालावेत. माउंट नंतर घेतला तरी चालतो.