परसातल्या दहा कोंबड्या आणि लसीची एक कुपी

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि त्याचे बिल हप्त्या-हप्त्याने येते. मीठ-मिरची, वही-पेन्सिल, पाहुण्याचा चहा मात्र रोज लागतो. आपल्या भागातील किती तरी घरांत हा वरखर्च परसातल्या कोंबड्या भागवतात. अंड्याचा पैसा घरच्या बाईच्या हाती राहतो, कारभाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आणि तसंच असावं. म्हणून सभासद बंधूंनी हा लेख वाचून कोनाड्यात ठेवू नये, घरात वाचून दाखवावा.

शेड बांधून हजार पक्षी ठेवण्याची ही गोष्ट नव्हे. तो धंदा वेगळा, त्याचे कर्जही वेगळे. ही गोष्ट आठ-दहा कोंबड्यांची. दिवसभर उकिरडा उकरतील, दिवेलागणीला खुराड्यात येतील. त्यांच्यामागे वेगळा गडी लागत नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडाला मानमोडी आली, की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं आणि पुष्कळ बायका तिथेच हा नाद सोडून देतात.

कोणती कोंबडी घ्यावी?

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. ऐकायला कमी वाटतं. पण ती घारीची सावली ओळखते, कुत्रं आलं तर झाडावर चढते आणि मुख्य म्हणजे खुडूक बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली वनराजा वर्षाला शंभराच्या वर, तर ग्रामप्रिया दीडशेच्या वर अंडी देऊ शकते. अर्थात खाणं-पिणं नीट असेल तर. वनराजाचा नर मांसालाही चांगला भरतो. मात्र या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्या संकरित असल्याने त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिलंही आईच्या तोडीची होत नाहीत. म्हणजे पिलं पुन्हा विकत आणावी लागणार, हा हिशेब आधीच धरावा.

आमच्या मते सहा-सात अंड्यांच्या जातीच्या आणि दोन-तीन गावरान, असा मेळ घरच्या परसाला बरा. एका दिवसाची पिलं स्वस्त दिसतात, पण त्यांना पहिले काही आठवडे ऊब लागते. बल्बखाली पिलं गोळा होऊन एकमेकांवर चढू लागली तर थंडी वाजते आहे, चोच उघडी ठेवून लांब पळाली तर उकडते आहे, असं ओळखावं. रात्री लाईट गेली तर सगळाच घोटाळा. त्यापेक्षा महिना-दीड महिना वाढवलेली, लस दिलेली पिलं दोन पैसे जास्त देऊन घ्यावीत. घरात गावरान कोंबडी खुडूक असेल तर आणखी एक युक्ती आहे. रात्रीच्या अंधारात विकतची एक दिवसाची पिलं तिच्या पंखाखाली सरकवावीत. पुष्कळदा ती आपलीच समजून सांभाळते. सकाळी मात्र बघावं. टोचत असेल तर लगेच काढून घ्यावीत.

रवणीला दहा-बारा अंडी पुरेत, आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून पाहिलं की शिरांचं जाळं दिसतं. जे अंडं स्वच्छ दिसेल ते वांझ, काढून टाकावं. एकविसाव्या दिवशी पिलं फुटतात. रवणीसाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. नुसती खायची-विकायची अंडी हवी असतील तर कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देतेच.

कडकनाथविषयी सभासद विचारतात. झाबुआकडची ही काळी कोंबडी चांगली आहे, हौसेने दोन पाळाव्यात. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या करार-योजनांत पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे अडकले, ते विसरून चालणार नाही. ‘पिलं आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो’ म्हणणाऱ्याला आधी चहा पाजावा, पैसे नंतर.

ऊस तुटल्यावर

उसाच्या रानात मुंगूस, रानमांजर, कोल्हा दबून असतात. गळीत हंगामात फड मोकळा झाला की ते वस्तीकडे वळतात. म्हणून तोड लागायच्या आधी खुराड्याची डागडुजी करावी. जमिनीपासून दोन फूट उंच, बारीक जाळी, आत बसायला आडवी दांडी, दाराला कडी. तळाला तुकडे केलेलं कोरडं पाचट घालावं. ओलं झालं तर बुरशी धरतं, ते ताबडतोब काढून शेणखताच्या ढिगावर टाकावं.

दुसरा धोका आपणच करतो. लागणीच्या वेळी सरीत टाकलेलं दाणेदार कीटकनाशक, औषध चोळलेलं बियाणं, उंदराचं आमिष, हे सगळं कोंबडीला दाणाच वाटतं. औषध टाकलं त्या दिवसांत कोंबड्या कोंडून ठेवाव्यात.

खाण्याचं फार कौतुक नको. फिरून येणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी मूठभर मका, ज्वारी किंवा कणी, थोडा घास आणि कवच पक्कं होण्यासाठी शिंपल्यांचा चुरा. पाणी मात्र उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदलावं.

मानमोडी

हिरवट-पांढरी हगवण, मान वाकडी, पंख लुळे, धाप. हीच राणीखेत. एकदा लागली की औषध नाही. लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बीची सुई, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. देवीची लस निराळी. लस धडधाकट कोंबडीलाच द्यावी, आठवडाभर आधी जंताचं औषध पाजावं. अंड्यावरच्या कोंबडीची अंडी सुईनंतर काही दिवस कमी होऊ शकतात, घाबरू नये.

अडचण कुपीची आहे. सहसा एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि ती कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून लस राहून जाते. उसाचा कारखाना आपण एकट्याने काढला नाही, तसंच हेही. गल्लीतल्या दहा-बारा घरांनी नावं गोळा करावीत, माघ संपायच्या आत पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस ठरवावा. लस बर्फाच्या थर्मासात आणावी. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधीच टोचणी उरकावी, एकदा उकिरड्यावर गेल्या की हाती लागत नाहीत. ऊसतोड टोळीतल्या बायांनी डालग्यातून कोंबड्या आणल्या असतील तर त्यांनाही त्याच कुपीतून द्यावी. रोग कोपी आणि वाडा असा भेद करत नाही.

मेलेली कोंबडी पाटात किंवा उसाच्या सरीत फेकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. आणि एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या उघड्या हातांनी न उचलता दवाखान्यात कळवावं. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता. मरतुक मानमोडीची की त्याची, हे नमुना तपासल्याशिवाय सांगता येत नाही.